शेवटचं कडवं कापू नका

नव्वदच्या दशकाच्या आठवणी लिहायच्या म्हटलं की यादी आधीच तयार असते. रविवारची सकाळ, दूरदर्शन, छपरावर चढून अँटेना फिरवणारा दादा, ‘शक्तिमान’, रसना, मे महिन्यात मामाचं गाव, आमरस, पत्त्यांचा डाव, गणपतीत पांढऱ्या पडद्यावर दाखवलेला सिनेमा. या यादीवर मराठीत किती सदरं आली, किती पुरवण्या निघाल्या, किती रील्स फिरल्या याची गणती नाही. मी त्या आवडीने वाचते आणि बघते, खोटं कशाला बोलू. अँटेना आमच्याही पत्र्यावर होता. पण या लेखांत “आपलं बालपण” असे शब्द आले की मी तिथेच थांबते. आपलं म्हणजे कोणाचं?

हा प्रश्न विचारून मोकळं होणं सोपं आहे, आणि आपण तो बऱ्याचदा विचारलेला आहे. मागच्या वर्षी मात्र माझ्यावर त्याचं उत्तर लिहायची वेळ आली. एका मराठी मासिकाने मला सदर लिहायला सांगितलं. दर महिन्याला आठशे शब्द; विषय नव्वदच्या दशकातली गाणी, मालिका, सिनेमे, जाहिराती. माझा दिवस रेशनकार्ड, शाळेचे दाखले, जात पडताळणी आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नोटिसा यांत जातो. समाजशास्त्रात एमए केलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी मी हो म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी चळवळीतल्या एका दादाचा फोन आला. “ताई, पोरांच्या शिष्यवृत्त्या थकल्यात, रोज कुठे ना कुठे अत्याचाराची केस उभी राहतेय, आणि तू आता रसनावर लिहिणार?” दादाचा टोमणा जिव्हारी लागला, पण पटला नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जावर मी सकाळी काम करते, सदर रात्री लिहिते. आणि जुन्या आठवणी हा रिकामटेकड्यांचा विषय आहे हे मला मान्यच नाही. उद्या नव्वदच्या दशकाचा इतिहास लिहायला बसणारा माणूस हीच सदरं चाळणार आहे. त्यांत आपण नसलो, तर त्या काळात आपण फक्त मोर्चात आणि पोलीस ठाण्यात होतो, घरात बसून गाणं ऐकत नव्हतो, असाच त्याचा समज होईल.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मुळात एका आजाराचं नाव आहे. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो बनवला. घरापासून दूर राहणारे स्विस लोक, त्यांतही परमुलखात लढायला गेलेले सैनिक, घराच्या ओढीने आजारी पडत. त्या दुखण्याला त्याने हे नाव दिलं. म्हणजे या भावनेच्या मुळाशी एक घर गृहीत आहे, आणि परत जावंसं वाटावं असं एक गाव. इथेच आपली गाडी रुळावरून उतरते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात मुंबईला आली. ती गावाची आठवण काढायची ती चिंचेच्या झाडाची, ओढ्याची आणि विहिरीची. विहिरीची गोष्ट दर वेळी अर्ध्यावर थांबायची. मामाच्या गावावर लेख लिही असं मला कुणी सांगितलं, तर मी त्या अर्ध्या गोष्टीचं काय करू?

पण ओढ नाही असं थोडंच आहे? माझीही ओढ आहे. ती गावाची नाही, एका डब्याची आहे. तो डबा बिस्किटांचा, पत्र्याचा होता आणि त्यात वडिलांच्या एकवीस कॅसेटी होत्या. आम्ही मुलुंडला डोंगराच्या उताराला राहायचो. वडील लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात होते. पगाराच्या दिवशी येताना कधी भजी आणायचे, कधी कॅसेट. दोन्ही एकदम कधीच नाही. डब्यात प्रल्हाद शिंदे होते, विठ्ठल उमप होते, आनंद-मिलिंद शिंदे होते, सुषमा देवी होत्या. वामनदादा कर्डकांची गाणी दुसऱ्यांच्या आवाजात होती. टेप अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या खिडक्या असतात. त्या फोडल्या की वर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. वडिलांनी भीमगीतांच्या सगळ्या कॅसेटींच्या खिडक्या फोडून ठेवल्या होत्या. सिनेमाच्या कॅसेटींच्या नाहीत. त्या पुसल्या गेल्या तर चालणार होत्या.

पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ नावाचं पुस्तक आहे, १९९३ सालचं. ते उत्तर भारताबद्दल आहे, पण एमएला असताना वाचलं तेव्हा मला आमचा डबाच दिसत होता. तोवर गाणं रेकॉर्ड करणं म्हणजे एका-दोन बड्या कंपन्यांची मर्जी. कॅसेट आली आणि थोड्या भांडवलात गल्लीतला माणूसही कंपनी काढू लागला. ज्यांना रेडिओने दारात उभं केलं नाही त्यांची गाणी बाजारात आली. भीमगीत त्याआधी नव्हतं असं अजिबात नाही. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे बाबासाहेबांच्या हयातीतले. (भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक ही दोन वेगळी माणसं आहेत. दर जयंतीला एखादा वक्ता त्यांचा एक माणूस करतो, म्हणून सांगून टाकते.) मग गायन पार्ट्या, रात्रभर चालणारे कव्वालीचे सामने, चैत्यभूमीवर चटईवर मांडून विकायच्या गाण्यांच्या पुस्तिका. कॅसेटने नवं केलं ते इतकंच की रात्रभराचा सामना सकाळच्या चहाबरोबर घरात वाजू लागला.

आता मुख्य प्रवाहातल्या आठवणींच्या लेखांत हे कुठे येतं ते बघा. प्रल्हाद शिंदे येतात. पहाटे देवळाच्या भोंग्यावरून ऐकलेला विठ्ठलभक्तीचा खणखणीत आवाज म्हणून येतात. आनंद शिंदे येतात ते पोपटाच्या गाण्यामुळे, लग्नाच्या वरातीतला धांगडधिंगा म्हणून. दोन्ही खरंच आहे. पण त्याच गळ्यांनी आयुष्यभर जे गायलं, ज्यासाठी वस्त्यांमधून रात्र-रात्र माणसं बसली, ते भीमगीत त्या लेखात नसतं. गळा घेतला, गाणं दारातच ठेवलं. बरं, हे लिहिणारे सगळे कपटी आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्या खिडकीतून जेवढं ऐकू आलं तेवढं त्यांनी लिहिलं. आपल्या खिडकीतून काय ऐकू येत होतं ते लिहिणं आपलं काम होतं.

माझं पहिलं सदर भाड्याच्या व्हीसीआरवर होतं. ते जसंच्या तसं छापून आलं, कौतुकही झालं. दुसरं या कॅसेटींवर. अंक हातात आला तेव्हा माझ्या लेखात ‘भीमगीतं’ हा शब्द नव्हता. सगळीकडे ‘लोकगीतं’ होतं. विचारलं तर उत्तर मिळालं की वाचकांना जवळचं वाटावं म्हणून बदललं, अर्थ तोच राहतो ना.

अर्थ तोच राहत नाही. ‘भीम’ काढला तर काय जातं हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. पण ‘लोक’ घातल्याने काय होतं, ते बघण्यासारखं आहे. लोकगीत म्हटलं की त्याला कवी नसतो. ते जनमानसातून आपोआप उगवलेलं असतं, अळंबीसारखं. कवीच नाही म्हटल्यावर त्याचं नाव छापायला नको आणि मानधनाचा तर प्रश्नच नाही. कुठली कला कोणत्या खणात ठेवायची, हे ठरवण्यातच जातीचं आणि स्त्री-पुरुषभेदाचं राजकारण असतं. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाड्याबद्दल २००२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलेला लेख त्यासाठी आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. मी संपादकांना लेखी कळवलं की पुढच्या लेखात भीमगीताचं लोकगीत होणार असेल तर लेख छापू नका. त्यांनी तो छापला, ‘भीमगीत’ या शब्दासह. फक्त लेखाच्या शेवटी मी दिलेली गीतकारांची नावं तेवढी जागेअभावी गेली.

जागेअभावी! आता एक तुलना करते. ‘गीतरामायण’ घ्या. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी पहिलं गाणं लागलं. वर्षभरात ५६ गाणी झाली. गीतकार ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. हे मी कुठलंही पुस्तक न उघडता लिहू शकते, आणि माझ्या घरात ‘गीतरामायण’ कधीही वाजलेलं नाही. मला हे कसं माहीत? कारण रेडिओवरचा निवेदक गाण्याच्या आधी-नंतर नावं सांगत होता, वर्तमानपत्रं छापत होती, सत्तर वर्षं लेख येत राहिले. भावगीताच्या प्रत्येक आठवणीमागे असा एक नोंदी ठेवणारा कारकून बसलेला आहे. भीमगीताच्या मागे कुणी कारकून बसवला नाही. आमच्या कॅसेटींच्या कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो, गायकाचा मोठा फोटो, कंपनीचं नाव, आणि गीतकार मुंगीच्या अक्षरात. तीच गाणी आता मोबाइलवर आहेत. त्यांच्याखाली गीतकार म्हणून कधी गायकाचं नाव असतं, कधी कंपनीचं, कधी नुसतं ‘पारंपरिक’.

आपल्या कवींना हे आधीच ठाऊक असावं असं मला वाटतं. कारण त्यांनी आपलं नाव कव्हरच्या भरवशावर ठेवलंच नाही. ते गाण्यातच ठेवलं, शेवटच्या कडव्यात. वामनदादांचं गाणं आठवून बघा. शेवटी ‘वामन’ येतोच. इतरांचंही तसंच. ही रीत संतांपासूनची. तुकोबांची, नामदेवांची, जनाबाईंची, आणि अर्थात चोखोबांची. सोयराबाईंनी तर सही करताना स्वतःला चोखोबाची महारी म्हणवलं, जातीसकट. ज्याच्या हाती छापखाना नाही, रेडिओ नाही, त्याने आपली सही अशा जागी कोरली की गाणं म्हणणाऱ्याला ती म्हणावीच लागेल. यापेक्षा पक्की नोंदवही मला माहीत नाही.

आणि ही नोंदवही आज कोण फाडतंय? एकटे संपादक नाहीत. आपणही फाडतोय. १४ एप्रिलला मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कुठल्याही मिरवणुकीत जा. डीजेवर गाणं लागतं. धृवपद, एक कडवं, मग ठोके, पुन्हा धृवपद, मग दुसरं गाणं. शेवटचं कडवं कधी येतच नाही. तीस सेकंदांच्या रीलमध्ये तर येण्याचा प्रश्नच नाही. मी नाचणाऱ्या पोरांच्या विरोधात नाही, मीही नाचते. डीजेवर नाक मुरडणाऱ्यांच्या भाषेत वस्तीबद्दलचा जो तिरस्कार असतो तोही मला ओळखू येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या ठिकाणी कवीने सही केली, नेमकं तिथे आपण कात्री लावतो.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात एक आजोबा राहतात. महापालिकेतून निवृत्त झालेत. त्यांची आठ गाणी दोन कॅसेटींत आली होती. त्यातलं एक आजही जयंतीला वाजतं. तुम्ही नक्की ऐकलंय. सदरासाठी मी त्यांच्याकडे तीन वेळा गेले. त्यांना एका गाण्याचे किती मिळाले हे विचारलं तर म्हणाले, पाकीट मिळालं, त्यात किती होते ते आता आठवत नाही, पण येताना बायकोला साडी घेतली. मग थोडं थांबून म्हणाले, “मिरवणूक आमच्या बिल्डिंगखालूनच जाते. गाणं सुरू झालं की मी खिडकीत येऊन उभा राहतो. पण माझं नाव येईपर्यंत गाणं पोचतच नाही.”

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांचा मुलगा सध्या गाण्यांच्या हक्कांची कागदपत्रं काढतोय, आणि काही ठरेपर्यंत कुठे लिहू नकोस असं त्यांनी सांगितलंय. हा हक्क कायद्यात आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं त्याच्या लिखाणावर कॉपीराइट राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा बांधून दिला की तो एकदम लिहून देता येत नाही. जुन्या पाकिटांच्या व्यवहाराला यातलं काय लागू होतं हे वकिलाने कागद बघून सांगायचं; आजोबांकडे कागद म्हणून एका कॅसेटचं कव्हर आहे. मुंगीच्या अक्षरातलं नाव त्याच्यावर आहे म्हणून निदान बोलणी तरी सुरू झाली. म्हणून दादाला सांगते, हा नुसता मानसन्मानाचा विषय नाही. नाव पुसलं की भाकरीही पुसली जाते.

सदराचा पाचवा लेख मी १९९७ या एका वर्षावर लिहिला. तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्या सप्टेंबरात ‘शक्तिमान’ सुरू झालं. माझा भाऊ पलंगावरून गोल फिरत उडी मारून हनुवटी फोडून घेणाऱ्या मुलांपैकी एक. तेही लिहिलं. पण त्याच्या दोन महिने आधी, ११ जुलैला, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक महामार्गावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जणांचे जीव गेले. १५ जुलैला विलास घोगरेंनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये ज्यांचा आवाज आहे तेच शाहीर. पटवर्धनांचा २०११ चा ‘जय भीम कॉम्रेड’ त्यांच्यापासूनच सुरू होतो.

संपादकांचं म्हणणं पडलं की हे गंभीर आहे, पण सदराच्या विषयात बसत नाही. लोकप्रिय संस्कृतीवर लिहायचं ठरलं होतं. मी विचारलं, शाहीर लोकप्रिय संस्कृतीत बसत नाही तर कशात बसतो? गुन्हे वृत्तात? ज्या माणसाचं गाणं ऐकायला वस्ती जमते तो लोकप्रिय नाही, आणि दूरदर्शनचा पोशाखी नायक तेवढा लोकप्रिय, हे कुठल्या फूटपट्टीने ठरलं? मला त्या आठवड्याचं आठवतं ते असं: शाळा लवकर सुटली, आईने दार आतून लावून घेतलं, वडील दोन रात्री घरी आले नाहीत, आणि आमचा टेपरेकॉर्डर पुढे बरेच दिवस बंद होता. कुणी बंद कर म्हटलं नव्हतं. ज्या दशकाच्या आठवणी सगळे गोड म्हणून सांगतात, त्यात माझ्या घरातली ही शांतताही आहे. ‘शक्तिमान’ही मी तितक्याच आवडीने बघितलं. दोन्ही एकाच वर्षाचं, एकाच पोरीचं. एक ठेवून दुसरं कापलं तर माझं वर्ष उरत नाही. बराच वाद झाल्यावर लेख पूर्ण छापला गेला. वाचकांची पत्रं आली, त्यांतली निम्मी नाराजीची. एकाने लिहिलं, “विरंगुळ्यासाठी वाचायला घेतलं होतं.” मी ते पत्र जपून ठेवलंय.

आपल्या घरातलंही थोडं बोलायला हवं. माझ्या या सगळ्या लेखांत पुरुषांची नावं पटापट आली. बायकांची आठवावी लागली. सुषमा देवी, वैशाली शिंदे, निशा भगत. पुढे दोन-तीन नावं, आणि मी अडकले. ज्या बायका सामन्यांत गायल्या आणि लग्नानंतर थांबल्या, त्यांचं काय? ज्या विहारात पाठांतराने गातात, ज्यांची कधी कॅसेट निघालीच नाही? हे करता येत नाही असं नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘पारी’च्या संग्रहात आहेत, एक लाखाहून अधिक. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. ओवी म्हणजे तर खरोखर लोकगीत म्हणता येईल अशी गोष्ट. तिथेसुद्धा नाव लिहिता आलं. मग तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटला काय अडचण आहे?

सदराचे अजून पाच लेख बाकी आहेत. संपादकांशी आता असं ठरलंय की लेख सातशे शब्दांचा, आणि उरलेल्या शंभर शब्दांची चौकट नावांची. तिला कात्री लागणार नाही. पुढचा लेख बेंजो आणि ढोलकी वाजवणाऱ्यांवर आहे. त्यांना तर गाण्यात सही करायलाही जागा नव्हती. भांडुपच्या दोन वादकांची नावं मिळाली आहेत. एका प्रसिद्ध कॅसेटवर ढोलकी कोणाची, यावरून त्या दोघांत गेली पंचवीस वर्षं भांडण आहे. दोघेही ती आपली म्हणतात. येत्या रविवारी दोघांना एकत्र बसवून ती कॅसेट वाजवायची आहे. टेपरेकॉर्डर मिळालाय, पट्टा बदलून घेतलाय.

तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, देव्हारा काढून टाकला त्या फडताळात असा एखादा डबा असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. कॅसेट वाजत नसली तरी चालेल. कव्हर बाहेर काढा, उलगडा आणि दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. आतली बाजू आधी घ्या, नावं तिथेच असतात.